गरोदरपणी उन्हाने कातडी पोळली तर...

मार्च-एप्रिल आले की आपल्या जिल्ह्यात हळदीची गडबड सुरू होते. वसमत, औंढा, कळमनुरी, कोठेही जा. कंद काढणे, वेचणे, शिजवणे, वाळत घालणे, सगळी कामे उन्हातच. वेचणीला बहुतेक बायकाच असतात. त्यांत कोणाला चौथा महिना असतो, कोणाला सातवा, पण घरी बसणे परवडत नाही. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आपणा सर्वांना अभिमान आहे. पण जे ऊन हळकुंडे वाळवते, तेच वेचणारीची मानही पोळते.

गेल्या हंगामात अशीच एक सून सासूबाईंबरोबर माझ्याकडे आली. सातवा महिना. मान, पाठीचा उघडा भाग आणि दोन्ही दंड तापलेले, हात लावू देईना. सासूबाई म्हणाल्या, "बाई, नुसतं ऊन लागलंय. पण बाळ काळं तर निघायचं नाही ना?" मला हसू आले. उन्हाचे किरण आईच्या कातडीपलीकडे जात नाहीत. बाळाचा रंग आईबापांकडून येतो, शेतातून नाही, असे मी त्यांना सांगितले.

मग मी विचारले, यावर काय काय केले? तेव्हा मात्र हसू मावळले. मानेवर टूथपेस्टचा थर वाळला होता आणि तीन दिवसांपासून दुखण्याची गोळी दिवसातून दोनदा चालू होती. गोळी नवऱ्याने दुकानातून आणली होती. दुकानदाराने कोणासाठी ते विचारले नाही, याने सांगितले नाही. पाकीट पाहिले तर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली गोळी.

वाचक भगिनींनो, पोळलेली कातडी बहुधा आठवडाभरात बरी होते. माझी काळजी या गोळीची होती. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या पाचव्या महिन्यापासून पुढे बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात. गर्भजल म्हणजे त्या काळात मुख्यतः बाळाची लघवीच. ती कमी झाली की गर्भाशयातले पाणी कमी होते. म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2020 साली विसाव्या आठवड्यापासून या गोळ्या टाळण्याचा इशारा दिला. सातव्या महिन्यानंतर आणखी एक धोका असतो. बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते, ती आधीच आकसू शकते. या सुनेची सोनोग्राफी करून घेतली. पाणी पुरेसे होते, गोळी वेळीच बंद झाली.

मग दुखण्यावर घ्यायचे काय? साधी पॅरासिटामॉल, 500 मिलिग्रॅमची, दुसरे काही न मिसळलेली. एक गोळी घेतल्यावर सहा तासांच्या आत दुसरी नको, आणि एक-दोन दिवसांत उतार नसेल तर दाखवावे. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ॲस्पिरिनची लहान गोळी रोज दिलेली असेल, तर ती मात्र हा लेख वाचून बंद करू नये.

कातडी पोळल्याचे लक्षात आले की आधी सावलीत यावे. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही. कातडी गरम, ताणल्यासारखी आणि झोंबरी लागली की समजावे. ही आग दुसऱ्या दिवसापर्यंत वाढतच जाते, तेव्हा संध्याकाळी "काही विशेष नाही" म्हणून स्वस्थ बसू नये. माठातल्या पाण्यात सुती फडके भिजवून, पिळून, दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. दिवसातून चार-पाच वेळा. बर्फ थेट लावू नये. पाठीला घट्ट झंपर नको, जुन्या धुतलेल्या सुती कापडाचा सैल झगा बरा. कॅलामाइन लोशन गरोदरपणात चालते, मात्र फोड फुटलेल्या जागी नको.

कोरफडीविषयी नेहमी विचारणा होते. पान कापल्यावर जो पिवळा चीक निघतो तो पूर्ण निथळू द्यावा, पान धुवावे आणि मधला पारदर्शक गरच वरून लावावा. तो चीक कातडीला झोंबतो आणि पोटात गेला तर जुलाब होऊन कळा येण्याची भीती असते. म्हणून गरोदर बाईने कोरफडीचा रस पिऊ नये. खोबरेल तेल आग शमल्यावर, कोरडेपणासाठी लावावे. तापलेल्या कातडीवर तेल-तूप चोपडले की उष्णता आतच राहते. लिंबाचा रस तर लावूच नये, तो लावून पुन्हा उन्हात गेल्यास डाग पडतात. वेदनाशामक मलमे आणि गोरे करणारी क्रीमेही नकोत. गरोदरपणी गालावर वांग येतो, उन्हाने तो गडद होतो, आणि मग बायका ही क्रीमे आणतात. त्यांतली काही स्टेरॉइडची असतात. बाळंतपणानंतर वांग पुष्कळदा आपोआप फिका होतो.

फोड आले तर फोडू नयेत. फोड मोठे असतील, पू दिसला, ताप आला, तर दवाखाना गाठावा.

आता त्या सासूबाईंच्या "नुसतं ऊन लागलंय" या वाक्याकडे येते. आपल्याकडे उन्हाळ्यात डोके दुखले, चक्कर आली, पाय सुजले, सगळे उन्हाच्या खात्यावर जाते. पण पाचव्या महिन्यानंतर डोके सारखे दुखत असेल, डोळ्यांपुढे काजवे चमकत असतील, तोंड-हात सुजले असतील, बरगडीखाली दुखत असेल, तर तो वाढलेला रक्तदाब असू शकतो. त्यातून झटके येतात, आई आणि बाळ दोघेही दगावू शकतात. त्याच दिवशी रक्तदाब मोजून घ्यावा. उपकेंद्रावर हे पाच मिनिटांचे काम आहे. अंग भट्टीसारखे तापून बाई असंबद्ध बोलू लागली, बाळाची हालचाल कमी वाटली, पोटात कळा किंवा अंगावरून पाणी जाऊ लागले, तर अंगावर पाणी शिंपडत, वारा घालत ताबडतोब 108 ला फोन करावा.

काम सोडता येत नसेल तर सकाळी लवकर जाऊन अकराच्या आत उरकावे, चारनंतर पुन्हा लागावे. मुकादमाशी हे बोलायला घरातल्या पुरुषाने जावे, सुनेला पाठवू नये. लांब बाह्यांचा जुना शर्ट, डोक्यावरून मानेवर येणारा रुमाल आणि हाताशी पाण्याची कळशी हवीच. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक प्यावे. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडले. रक्तदाब किंवा साखर असलेल्यांनी मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल आधी विचारावे.

आणि दुकानात गोळी आणायला कोणाला पाठवलेच, तर कागदावर औषधाच्या नावाखाली एवढे लिहून द्यावे: "सातवा महिना चालू आहे."