संगणकीय नोंदींचा मेळ

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील व्यापाऱ्यास रोजकीर्द व खतावणी यांचा मेळ घालणे नवे नाही. सुरक्षा-देखरेखीची संगणक प्रणाली हेच काम करते. निरनिराळ्या यंत्रांवरील नोंदी एकत्र आणून त्यांतील विसंगती दाखविते. शनिवार, 11 ऑगस्ट 2018 रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर हल्ला झाला, तेव्हा बनावट स्विचने एटीएमवरील मागण्या परस्पर मंजूर केल्या. मुख्य बँकिंग प्रणालीपर्यंत त्या पोहोचल्याच नाहीत. 28 देशांतून पैसे काढले गेले. दोन दिवसांनंतर हाँगकाँगला झालेल्या हस्तांतरासह एकूण हानी सुमारे 94 कोटी रुपयांची होती. दोन्हीकडच्या नोंदी तेव्हाच्या तेव्हा ताडल्या, तरच असा प्रकार वेळीच ध्यानी येतो.

मायक्रोसॉफ्ट सेंटिनेलचे शुल्क मुख्यतः नोंदींच्या आकारमानावर ठरते. नोंदी वाढल्या की देयक वाढते. वाझू विनामूल्य मिळते, परंतु ते बसविणारा आणि रोजचे इशारे वाचणारा जाणकार लागतो. त्याचे वेतन जाहिरातीत दिसत नाही. लहान पेढीने ते आधी मोजावे. सर्ट-इनच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार कंपन्या व शासकीय संस्थांनी नोंदी 180 दिवस जपावयाच्या आहेत आणि घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत ती कळवावयाची आहे, मग तो सुटीचा दिवस का असेना.