यंत्रास आज्ञा देण्याचे शिक्षण



आज अनेक ग्रामीण शाळांत संगणक, टॅब्लेट किंवा मोठा पडदा आलेला आहे. मूल त्याच्यासमोर बसते, चित्र पाहते, कळ दाबते. परंतु यंत्राने काय करावे हे सांगण्याचा प्रसंग त्याच्यावर क्वचितच येतो. शाळांत संगणक प्रथम आला तेव्हाची स्थिती याच्या उलट होती. त्या अनुभवातून आपणांस काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

१. पूर्वपीठिका

भारतातील शाळांत संगणक-साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुमारे २५० शाळांतून सुरू झाला. त्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक निवडण्यात आले. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीने ते १९८१ साली तयार केले होते. त्याच्या ‘बी’ प्रकाराची स्मृती अवघी ३२ किलोबाइट होती. आजच्या मोबाइलवर काढलेले एक छायाचित्रही तीत मावणार नाही.

प्रस्तुत लेखक माध्यमिक शाळेत असताना याच यंत्रावर शिकला. एका यंत्राभोवती चार-पाच मुले बसत. यंत्र सुरू केले की पडद्यावर एक लहानशी रेघ लुकलुकत राही आणि आज्ञेची वाट पाही. आज्ञा ‘बेसिक’ भाषेत, प्रत्येक ओळीस क्रमांक देऊन लिहावयाच्या. पाळी थोडाच वेळ मिळे, म्हणून सर्व आज्ञा आधी वहीत लिहून सोबत्याकडून तपासून घ्याव्या लागत. फितीवर साठविण्यापूर्वी वीज गेली तर सारे नाहीसे होई. एखादी आज्ञा यंत्रास कळली नाही तर ‘मिस्टेक’ हा शब्द व ओळीचा क्रमांक एवढेच उमटे. यंत्र रागावत नसे, गुण कापीत नसे आणि उत्तरही सांगत नसे. चुकीची जागा यंत्राने दाखवावी व चूक मुलांनी शोधावी, अशी ती वाटणी होती. नेमके सांगणे, क्रमाने विचार करणे आणि चुकीस न भिणे या सवयी तेथे लागत.

२. कासवाची कल्पना

मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा १९६७ मध्ये अमेरिकेत सीमोर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निर्माण केली. पेपर्ट यांनी पूर्वी जिनीव्हा येथे बालमानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांच्यासमवेत काम केले होते. लोगोमध्ये एक ‘कासव’ असते. ‘पुढे जा’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञांप्रमाणे ते चालते व मागे रेघ उमटवीत जाते. हा पाठ यंत्रावाचूनही घेता येतो.

३. पाठ (इयत्ता ५ वी)

साहित्य : खडू, वही, घड्याळासारखे बारा भाग पाडलेली पुठ्ठ्याची तबकडी. एक भाग म्हणजे ३० अंश.

कृती : एक मूल कासव होईल व अंगणात चालेल, दुसरे त्याच्यामागून खडूने रेघ ओढील. इतरांनी आज्ञा वहीत लिहून एकेक वाचाव्यात. प्रथम चौरस काढावा : पाच पावले पुढे, ९० अंश उजवीकडे; असे चार वेळा.

नंतर समभुज त्रिकोण काढावयास सांगावे. त्याचा कोन ६० अंशांचा म्हणून बहुतेक मुले ६० अंश वळण्याची आज्ञा देतील. तीन बाजू होऊनही आकृती मिटणार नाही. अर्धा षटकोन मात्र दिसेल. येथे शिक्षकाने उत्तर सांगू नये. ‘कोणत्या आज्ञेपाशी बिघडले?’ एवढेच विचारावे. कासव आपली सरळ दिशा सोडून वळते, म्हणजे बाहेरच्या कोनातून, १२० अंश वळते, हे मुलांना चालूनच उमगेल.

शेवटी फळ्यावर मांडावे : ४ × ९०, ३ × १२०, ६ × ६०. प्रत्येक वेळी ३६० का येतात, हे मुलांनीच सांगावे.

४. सूचना

(अ) कासव झालेल्या मुलाने सांगितले तेवढेच करावे. मनाने दुरुस्ती करू नये.
(आ) शाळेत संगणक असल्यास हाच पाठ ‘स्क्रॅच’मध्ये घ्यावा, मात्र आज्ञा प्रथम वहीत लिहवून घ्याव्यात.
(इ) कळफलकावर प्रत्येक मुलाची व मुलीची पाळी यावी. यंत्र बिघडेल या भीतीने ते कुलपात ठेवू नये.

पाठ झाल्यावर मुलांच्या वह्यांतील आज्ञा, खोडलेल्या ओळींसह, पुढील शिक्षण परिषदेत आणाव्यात. त्या खोडलेल्या ओळींवरच आपण चर्चा करू.