दोन घड्याळे

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव येथे पौषातील दिवस मावळला. शिवारातून गुरे परतली, घरोघर दिवे लागले. परंतु एका घराच्या ओसरीवर बसलेल्या आजीबाईंची दृष्टी भिंतीवरील घड्याळावरून हलत नव्हती. त्यांचा नातू त्या दिवशी दुपारी एक वाजता मुंबईहून विमानाने लंडनला निघाला होता. "सायंकाळी साडेपाचला विमान उतरेल, उतरताच फोन करीन," असे तो सांगून गेला होता. साडेपाच वाजून गेले. सहा वाजले, सात वाजले. फोन आला नाही. आजीबाईंच्या मनात नाना शंका येऊ लागल्या. त्यांनी जेवणाच्या ताटाकडेही पाहिले नाही. तेव्हा धाकटी नात धावतच शेजारच्या गुरुजींकडे गेली.

सारी हकीकत ऐकून गुरुजी आले, ते पृथ्वीचा गोल हाती घेऊनच. ते म्हणाले, "आजीबाई, काळजी करू नका. नातू अजून आकाशातच आहे. उतरायला चार तासांचा अवकाश आहे."

"पण गुरुजी, साडेपाच तर केव्हाच वाजले!" नात म्हणाली.

"ते आसेगावात वाजले, बाळ; लंडनमध्ये नव्हे."

गुरुजींनी गोल दिव्यासमोर धरून सावकाश फिरवला. "पृथ्वी 24 तासांत स्वतःभोवती एक फेरी, म्हणजे 360 अंश फिरते. तासाला झाले 15 अंश. आपण पूर्वेकडे, म्हणून आपल्याकडे सूर्य आधी उगवतो, लंडनला मागाहून. लंडनमधील ग्रीनिच येथून शून्य रेखांश जातो आणि भारताची प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरून ठरते. आता 82.5 ला 15 ने भाग पाहू."

मुलीने हिशेब केला. "साडेपाच!"

"म्हणूनच हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे असते. तेथे सायंकाळचे साडेपाच वाजतील, तेव्हा येथे रात्रीचे अकरा झालेले असतील. दुपारी एकपासून रात्री अकरापर्यंत किती तास?"

"दहा."

"तोच खरा प्रवास."

मग गुरुजींनी गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरला. "हे अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. 8 जून 1948 रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे भारतीय विमान मुंबईहून लंडनला निघाले. कैरो व जिनीव्हा येथे थांबत ते 10 जूनला पोहोचले. अंतर तेवढेच राहिले. वेळ मात्र घटला."

"परत येतानाही दहाच तास लागतील?"

"बहुधा तासाभराने कमी. उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. नदीत प्रवाहाबरोबर पोहणारा लवकर पुढे जातो ना? तसेच हे."

आजीबाईंना अंश आणि रेखांश उमगले नाहीत. पण नातू सुखरूप आहे, एवढे उमगले. त्या पानावर बसल्या.

रात्री सव्वाअकराला फोन वाजला. नातू म्हणाला, "आजी, पावणेसहा वाजले आहेत. फार वाट पाहिलीस का?"

आजीबाईंनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहिले आणि त्या हसून म्हणाल्या, "नाही रे बाळा, अगदी वेळेवर बोललास!"

स्वाध्याय
1. सात वाजताही फोन का आला नाही?
2. आसेगावात सकाळचे साडेदहा वाजले असता हिवाळ्यात लंडनमध्ये किती वाजतील?
3. 'आजीबाईंना अंश आणि रेखांश उमगले नाहीत. पण नातू सुखरूप आहे, एवढे उमगले.' या वाक्यातून आजीबाईंच्या मनाची कोणती स्थिती दिसते?