पाय दाखवायला लाजू नकोस

दार लावून घे, साडी गुडघ्याच्या वर धर आणि कपाटाच्या आरशासमोर पाचेक मिनिटं नुसती उभी राहा. पलंगावर बसून बघायचं नाही, उभ्यानेच बघायचं. का ते पुढे सांगते. पुढून बघून झालं की पाठमोरी हो आणि मान वळवून पोटऱ्या बघ. नाहीच जमलं तर लेकीला मोबाइलवर फोटो काढायला सांग. मांडीच्या आतल्या बाजूने घोट्याकडे उतरणारी किंवा गुडघ्यामागून पोटरीवर आलेली, निळसर, वेडीवाकडी, कातडीच्या वर उठलेली शीर दिसते का? बोटाने दाबली तर मऊ लागते आणि बोट उचललं की पुन्हा भरते का? मग घोट्याच्या आतल्या बाजूला कातडीचा रंग बघ. तो तपकिरी, काळपट झाला असेल तर मला त्याच दिवशी फोन कर. फुगलेल्या शिरेपेक्षा मला त्या रंगाची जास्त धास्ती आहे.

संध्याकाळी पाय भरून येतात, रात्री पोटरीत गोळा येतो, असं तू बोलता बोलता म्हणालीस आणि लगेच ‘वय झालं आता’ म्हणून विषय बदललास. अगं, चाळिशीला वय होत नसतं. आणि आपल्या घरात हे असंच सुरू होतं. धारच्या घरी आजीच्या डाव्या घोट्याला कायम फडकं गुंडाळलेलं असायचं, आठवतं? त्याखाली जखम होती. हळद, तूप, कडुनिंबाचा पाला, सगळं झालं. पण जखमेच्या वर गुडघ्यापर्यंत काय चाललंय ते कुणी पाहिलं नाही, कारण आजीने लुगडं घोट्याच्या वर कधी जाऊच दिलं नाही. आईचंही तेच. मी पन्नाशीच्या आत उपचार करून घेतले ते या दोघींचे पाय पाहिले होते म्हणून. फ्रान्समध्ये 1994 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. आई-वडील दोघांनाही शिरा फुगण्याचा हा त्रास असेल तर मुलांना तो होण्याची शक्यता 90 टक्के, एकालाच असेल तर मुलींना 62 आणि मुलग्यांना 25 टक्के, असं त्यात दिसलं. अभ्यास लहानच होता. पण आपल्याकडे बाबांचे पाय निरोगी आणि आईचे असे, तेव्हा 62 च्या रांगेत आपण दोघीही आलो.

होतं काय, ते नीट समजून घे. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढायला हवं. ते वर ढकलायचं काम पोटरीचा स्नायू करतो: आपण चाललो की तो आवळतो आणि शिरांतलं रक्त वर सरकतं. ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांच्या आत जागोजागी पातळ झडपा असतात. तू शिकवतेस त्या शाळेच्या आवारातल्या हँडपंपाचा वॉशर झिजला की दांडा कितीही मारा, वर आलेलं पाणी पुन्हा खाली उतरतं, तसंच इथे. झडप नीट मिटेनाशी झाली की रक्त खाली परततं, साचतं, शिरेची भिंत ताणली जाते आणि मग खालची झडपही मिटत नाही. साचलेल्या रक्ताच्या दाबाने तांबड्या पेशी बाहेर झिरपतात आणि त्यांतलं लोह कातडीत उरतं. घोट्याजवळचा तो तपकिरी डाग म्हणजे हेच लोह. तिथली कातडी आधी खाजते, मग कडक, चकचकीत होते आणि एखाद्या दिवशी चपलेच्या पट्ट्याने किंवा नखाने फुटते. आजीची जखम अशीच झाली असणार.

आता उभ्याने का बघायचं ते. आपण आडवे झालो की शिरा रिकाम्या होतात आणि फुगवटा बसतो. बाई दवाखान्यात जाते, डॉक्टर ‘झोपा’ म्हणतात, ती टेबलावर झोपते, साडी वीतभर वर घेते आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन ती घरी येते. म्हणून तू स्वतः सांगायचं, ‘डॉक्टर, मला उभ्याने तपासा.’ लाजायचं नाही. लेडी डॉक्टर हवी असेल तर तसं सांग, सोबत नर्सबाईंना उभं राहायला सांग. पण मांडीपर्यंत पाय दाखवल्याशिवाय परत यायचं नाही.

तुझ्या पायांत काही चालू असेल तर त्याच्या खुणा तुला रोज दिसत असतील. सकाळी सैल असलेले पैंजण संध्याकाळी रुततात आणि काढले की त्यांचा वळ उमटलेला असतो. नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरलास की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. पाय जड वाटतात, जळजळतात, उन्हाळ्यात जास्तच, कारण उष्णतेने शिरा आणखी फुलतात. तुमच्या गंधवानीचा मे महिना तुला सांगायला नको. पाय वर करून झोपलीस किंवा थोडं चाललीस की बरं वाटतं. मांडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक जांभळ्या रेषा दिसतात, त्या मात्र बहुतेकदा निरुपद्रवी असतात. नुसत्या त्यांच्यासाठी पैसे घालवू नकोस.

एक गोष्ट बायका आपसातही बोलत नाहीत, ती तुझ्याशी बोलते. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यानंतर उभं राहिलं की खाली जड वाटतं, काहीतरी उतरल्यासारखं वाटतं, असं तू म्हणायचीस. गरोदरपणात योनीच्या बाहेरच्या भागातल्या शिरासुद्धा फुगतात. संप्रेरकांनी शिरांच्या भिंती सैल पडतात, वाढत्या गर्भाशयाचा दाब येतो, रक्तही वाढलेलं असतं. बाळंतपणानंतर काही महिन्यांत हे बरंचसं ओसरतं, म्हणून गरोदर असताना शिरांवर लेझर वगैरे करत नाहीत. मोजे देतात आणि वाट बघतात. पण ओसरलं नसेल, पाळीच्या आधी ओटीपोटात जडपणा येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांग. पायातल्या झडपांची गळती कधी कधी ओटीपोटातल्या शिरांपासून सुरू झालेली असते आणि सांगितल्याशिवाय ती कुणी शोधायला जात नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर तेही सांग.

तुमच्याकडचं प्रत्येक पाय दुखणं शिरांचंच असतं असंही नाही. धार-झाबुआच्या पट्ट्यात कितीतरी गावांच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्याने गुडघे, कंबर, मणके आखडतात. ते दुखणं पाय वर करून झोपल्याने हलकं होत नाही. चालायला लागल्यावर पोटरी आवळते आणि थांबलं की सुटते, असं असेल तर ते शुद्ध रक्ताच्या वाहिनीचं दुखणं, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत जास्त दिसणारं. तिथे घट्ट मोजे घातले तर अपाय होतो. आणि शाळेत स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईंच्या घोट्याची जखम, वर्ष झालं तरी भरत नाही म्हणालीस, त्यांची सिकलसेलची तपासणी झाली आहे का विचार. भिल्ल-भिलाला समाजात सिकलसेल आहे आणि त्यातही घोट्याजवळच जखमा होतात. 1 जुलै 2023 ला आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोलला, सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीच्या आतल्यांची तपासणी त्यात होते. रक्तातली साखरही बघायला सांग. यातलं काही निघालं नाही आणि शिरांचाच दोष निघाला, तर नुसत्या पट्ट्या बदलत बसायचं नाही. इंग्लंडमध्ये 450 रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल 2018 मध्ये आले. पट्टीबरोबर शिरेवरचे उपचार लगेच केले त्यांच्या जखमा साधारण 56 दिवसांत भरल्या, ज्यांचे उपचार लांबवले त्यांना 82 दिवस लागले. आणि जखमेवर कुणाला डाम देऊ देऊ नका. आधीच अर्धमेली झालेली ती कातडी भाजली तर भरून यायची नाही.

दवाखान्याची वेळ ठरेपर्यंत काय करायचं? वर्गात एका जागी उभी राहू नकोस. फळ्यापासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरत शिकव. उभं राहावंच लागलं तर टाचा उचल, टेकव. मधल्या सुट्टीत खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवण्यापेक्षा समोर दुसरी खुर्ची घे. घरी आलीस की पंधरा-वीस मिनिटं आडवी हो आणि पोटऱ्यांखाली उशा घेऊन टाचा छातीपेक्षा उंच ठेव. उशी नुसती गुडघ्याखाली घेऊन भागत नाही. रोज अर्धा तास चाल. आणि तेलाने रगडून मालीश नको, त्या फुगलेल्या शिरांवर तर मुळीच नको.

मोज्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण बहुतेक बायका ते विकत घेतात आणि कपाटात ठेवतात. मेडिकलमध्ये मिळणारा, वरपासून खालपर्यंत सारखा घट्ट असलेला नळीसारखा मोजा घेऊ नकोस. घोट्याशी सगळ्यात घट्ट आणि वर सैल होत जाणारा घ्यायचा, गुडघ्याखालपर्यंतचा बहुतेकींना पुरतो. माप सकाळी, सूज नसताना, टेपने घ्यायचं: घोट्याची सगळ्यात बारीक जागा आणि पोटरीची सगळ्यात जाड जागा. किती दाबाचा घ्यायचा ते डॉक्टर सांगतील. पण त्याआधी त्यांनी पावलावरची नाडी तपासलीच पाहिजे, मधुमेह असेल तर विशेष करून. सकाळी उठून घरभर फिरायच्या आधीच घालायचा. आतली बाजू बाहेर काढून आधी टाच बसवायची आणि मग थोडा थोडा वर सरकवायचा. वरून ओढायचा नाही. वरची कड दुमडली तर तिथेच दोरी बांधल्यासारखं होतं, म्हणून दुमडू द्यायची नाही. रात्री काढायचा, हाताने धुवायचा, सावलीत वाळवायचा, आणि सहाएक महिन्यांत ताण गेला की नवा घ्यायचा. उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, हे मी भोगलंय. पण मोजा घातला म्हणजे झडप दुरुस्त झाली असं नाही, हेही लक्षात ठेव. डायोस्मिनच्या गोळ्यांचंही तसंच: जडपणा, सूज थोडी कमी होते, मूळ दोष राहतो.

मूळ दोष बघायचा तर कलर डॉपलर सोनोग्राफी करावी लागते, आणि तीही उभ्याने. पोटरी दाबून सोडली की रक्त उलटं किती वेळ वाहतं ते त्यात दिसतं. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ वाहिलं तर झडप गळते आहे. आतल्या खोल शिरांत गुठळी नाही ना, हेही त्याच तपासणीत कळतं. गळणारी शीर आता बहुतेकदा कापून काढत नाहीत. गुडघ्याजवळून सुईवाटे बारीक नळी शिरेत सरकवतात, भोवतीचा भाग इंजेक्शनने बधिर करतात आणि लेझरने किंवा रेडिओलहरींनी शीर आतून तापवून बंद करतात. माझं रेडिओलहरींचं झालं. त्यात नळीचं टोक 120 अंशांपर्यंत तापतं, म्हणूनच आधी ती बधिर करणारी सगळी इंजेक्शनं देतात आणि तीच काय ती टोचतात. त्याच दिवशी चालत घरी आले. मांडीत आठवडाभर ओढल्यासारखं वाटलं, काळंनिळं झालं होतं, ते गेलं. लहान, वाकड्या शिरांसाठी औषधाचा फेस टोचतात. मोठी शीर काढून टाकायची जुनी शस्त्रक्रियाही अजून आहे, आणि जिथे बाकीची यंत्रं नाहीत तिथे ती वाईट नाही. ‘शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून?’ असं आई सारखी विचारायची. पायातलं दहातले नऊ हिस्से रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांतूनच वर जातं. ही बाहेरची शीर गळकी असेल तर ती बंद झाल्याने पायाला सुटकाच मिळते. पुढे दुसरी एखादी शीर फुगू शकते, म्हणून चालणं आणि वजन सांभाळणं सुटत नाही.

तीन गोष्टींत मात्र दवाखान्याच्या वेळेची वाट बघायची नाही. एक, फुगलेली शीर फुटून रक्ताची चिळकांडी उडाली तर घाबरून धावू नकोस. तिथल्या तिथे जमिनीवर आडवी हो, पाय भिंतीला लावून उंच कर, स्वच्छ कापडाने जागेवर घट्ट दाबून धर, दहा मिनिटं तरी काढून बघायचं नाही. वर दोरीने करकचून बांधायचं नाही. रक्त थांबलं तरी दवाखान्यात जायचंच. दोन, एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखते, गरम लागते, तर खोल शिरेत गुठळी असू शकते. त्यातच धाप लागली, छातीत दुखलं, तर 108 ला फोन. तीन, शीर दोरीसारखी कडक, लाल आणि दुखरी झाली तर त्याच दिवशी दाखव, चोळू नकोस.

गंधवानीच्या सरकारी दवाखान्यातून आधी कागद करून घे, धारच्या जिल्हा रुग्णालयात सर्जनला दाखव, डॉपलर इंदूरला करू. तिथल्या सरकारी एम.वाय. रुग्णालयात जायचं की खासगीत, ते रिपोर्ट बघून ठरवू. आयुष्मान कार्ड असेल तर या उपचाराचं पॅकेज त्या दवाखान्यात बसतं का, ते तिथल्या आयुष्मान मित्राला भरती व्हायच्या आधीच विचारायचं. नंतर विचारून उपयोग नसतो. खासगीत दर एका पायाचा की दोन्हींचा, मोजे आणि पुढची डॉपलर त्यात धरली आहे का, हे लिहून घ्यायचं. भिंतीवर ‘अर्ध्या तासात शिरा गायब’ लिहिलेल्या ठिकाणी, डॉपलर न करता पैसे मागितले तर उठून यायचं.

शनिवारी शाळा सुटली की निघ, धारहून भाऊजी गाडीने घेऊन येतील. त्या स्वयंपाकाच्या बाईंनाही आण, त्यांच्या राहण्याची सोय इथेच होईल. साडी नको, सैल सलवार घालून ये. दोन्ही बाळंतपणांचे कागद आण आणि पायाला त्या दिवशी तेल-मलम काही लावू नकोस.