वहींत नसलेला इतिहास

गेल्या चैत्रांत गोदावरीच्या दक्षिणेस माळरानावरील एका खेड्यांत आमच्या मंडळींतील एका वृद्ध भगिनीस मूठमाती देण्यांत आली. परत आल्यावर मंडळीचें जुनें रजिस्टर उघडून मीं त्यांचें नांव शोधिलें. बाप्तिस्म्याच्या पानावर त्या ‘अमक्याची मुलगी’ आहेत, विवाहाच्या पानावर ‘अमक्याची बायको’ आहेत, आणि आतां मृत्यूच्या पानावर त्यांचें वय अंदाजानें लिहिलें गेलें. तीन ओळींत एक जन्म आटोपला. त्या ओळींच्या मधलें जें होतें त्यांतलें थोडेंसें त्यांनीं मला एकदां सांगितलें होतें, आणि तें मीं आपल्या हातांनीं बिघडविलें. इतर मंडळ्यांतील बंधुभगिनींच्या हातून तसें न व्हावें म्हणून आजचा पाठ या विषयावर लिहीत आहें.

आपल्या लोकांचा इतिहास कागदावर थोडाच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ खंडाखंडांनीं प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्यासाठीं ते गांवोगांव हिंडले, लोकांच्या घरचीं दप्तरें त्यांनीं धुंडाळिलीं. तें काम थोरच झालें. परंतु ज्यांच्या घरीं दप्तर नव्हतें त्यांच्या उंबऱ्याशीं राजवाड्यांस तरी काय सांपडणार होतें? गांवकुसाबाहेरच्या घरांत जें काय दप्तर असतें तें म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणांत असतें, आणि तें उघडण्यास कोणीतरी जवळ बसून ऐकावें लागतें.

असें ऐकून घेणें आपणांस परकें वाटूं नये. लूक स्वतः प्रभूबरोबर फिरलेला नव्हता. ज्यांनीं पाहिलें त्यांच्याकडून आलेल्या गोष्टींचा बारकाईनें शोध करून आपण लिहीत आहों, असें तो शुभवर्तमानाच्या आरंभींच थियफिलास कळवितो. आपल्या महाराष्ट्रांतहि हें काम झालें आहे. जन्मानें फ्रेंच असलेले गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनीं पुण्यास राहून, खेड्यांतील स्त्रियांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जातीं थांबलीं, आणि दळतांना गाइल्या जाणाऱ्या ओव्याहि थांबूं लागल्या. त्या वेळीं हें काम झालें नसतें तर त्यांतील किती उरल्या असत्या? पुढें १९८९ मध्यें उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचें ‘आम्हीही इतिहास घडवला’ हें पुस्तक निघालें. डॉ. आंबेडकरांच्या चळवळींत ज्या स्त्रियांनीं भाग घेतला त्यांचा शोध करून, त्यांच्याशीं बोलून तें लिहिलें आहे. सभांचीं वृत्तें छापलेलीं होतीं. त्या सभांस पोरें कडेवर घेऊन चालत आलेल्या बायांचें वृत्त कोठें होतें?

आपल्या खेड्यांपुरतें पाहिलें तर १९७२ च्या दुष्काळाची आठवण लिहून घेण्याची घाई आहे. त्या सालीं जी बाई वीस वर्षांची होती ती आज सत्तरीच्या पुढें गेली आहे. सरकारी आंकडे आपणांस मिळतात: मे १९७३ मध्यें राज्यांत सुमारे ५० लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं, रस्ते झाले, पाझर तलाव झाले, नाल्यांस बांध पडले, आणि त्याच अनुभवांतून पुढें रोजगार हमीचा कायदा आला. हे सर्व खरें आहे. पण ज्या सडकेवरून आज मोटार जाते तिची खडी कोणीं फोडली, त्या खडीच्या ढिगापाशीं पाणी कोणीं कोणास कसें दिलें, हें त्या आंकड्यांत नाहीं. तें विचारण्यासाठींच मी त्या आजींकडे गेलों होतों.

पहिल्या खेपेस रविवारच्या उपासनेनंतर गेलों. मला खुर्ची दिली, आजी जमिनीवर बसल्या. दोन मुलगे, मंडळीचे एक वडील आणि शेजारचीं पोरें भोंवतीं जमलीं. मीं वही काढून विचारिलें, “आजी, आपल्या जीवनाविषयीं सांगा.” आजींनीं पदर सांवरला. आपण अंधारांत होतों, देवानें उजेडांत आणिलें, त्याचे उपकार फिटत नाहींत, अशी साक्ष त्यांनीं दिली. ती खोटी नव्हती. परंतु तशीच साक्ष मीं त्या मंडळींत निदान दहा जणांच्या तोंडून जवळजवळ त्याच शब्दांत ऐकिली होती. मास्तरांस काय ऐकावयास आवडतें हें लोक ओळखून असतात. मध्येंच त्यांनीं दुष्काळाचें नांव काढिलें, तों थोरला मुलगा म्हणाला, “ते राहू दे, आई.” तें राहिलें.

येथें अमेरिकेंतील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथें १९३६ ते १९३८ या सालांत सरकारच्या एका योजनेखालीं, पूर्वीं गुलाम असलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी लिहून घेण्यांत आल्या. अशा २,३००हून अधिक हकीकती आज जपून ठेविलेल्या आहेत. त्यांचें मोल फार मोठें. पण विचारणारे बहुतेक गोरे होते, आणि हे सरकारी लोक आपणांस पेन्शन मिळवून देतील अशी कित्येक दीन वृद्धांची समजूत झाली होती. म्हणून पुष्कळांनीं शब्द तोलून, कडू तें गिळून सांगितलें. अभ्यासक त्या हकीकती वाचतांना विचारणारा कोण होता हें आजहि आधीं पाहतात. उपदेशक, मास्तर, बायबल बाई यांनीं हें मनांत धरावें. ज्याच्या हातीं शिफारसपत्र किंवा मुलाचा बोर्डिंगचा दाखला आहे त्याच्यापुढें माणूस मोकळें होत नाहीं. अशा वेळीं मंडळींतील एखादी नात, सून किंवा शाळेंत जाणारी मुलगी विचारणारी असेल तर काम अधिक चांगलें होतें.

दुसऱ्या खेपेस एका बुधवारीं दुपारीं गेलों. मुलगे शेतावर होते. आजी ओसरीवर सुपांत बाजरी निवडीत होत्या. मी खालीं बसलों व थोडी बाजरी माझ्यापुढें ओढून घेतली. (हात कामांत असले म्हणजे बोलणें सोपें जातें, हें मला पूर्वींच कोणीं शिकविलें असतें तर बरें झालें असतें.) साल विचारिलें नाहीं. थोरला केव्हांचा, एवढेंच विचारिलें. “खडी फोडाया जायचो तवा थोरला पोटात व्हता,” असें त्या म्हणाल्या, आणि मग पाऊण तास मला कांहीं विचारावें लागलें नाहीं.

पहाटे निघून कामावर जाणें, ढीग मोजून घेतांना मुकादमाची दांडगाई, परदेशांतून आलेली ती तांबडी मिलो जोंधळ्याची भाकरी, कामावर मिळालेली सुकडी पदरांत बांधून सासूसाठीं घरीं नेणें, सर्व त्यांनीं सांगितलें. मग पाण्याच्या पिंपाची गोष्ट निघाली. पिंपावर एक बाई नेमलेली होती. ती इतरांस गडवा भरून देई आणि आजींच्या वस्तींतील बायांच्या ओंजळींत वरून धार धरी. एके दिवशीं आजींस उन्हानें भोंवळ आली. तेव्हां त्या बाईनें इकडेतिकडे पाहिलें आणि भरलेला गडवा त्यांच्या तोंडास लाविला. “तिचं नाव लिव्हा,” आजी मला म्हणाल्या. “मुकादमाचं लिवू नका, त्याची नातवंडं गावात हायेत.”

मीं दोन्ही गोष्टी मान्य केल्या आणि घरीं येऊन तें सर्व ‘शुद्ध’ केलें. मंडळीच्या वर्धापनदिनीं वाचून दाखविण्याच्या लेखांत ‘अस्पृश्यतेच्या क्रूर रूढीमुळें दुष्काळपीडित भगिनींचे अनन्वित हाल झाले’ असें एक वाक्य आलें. गडवा गेला. पाणी देणारी बाईहि गेली, कारण ती राहिली असती तर माझ्या वाक्याचा जोर कमी झाला असता. कच्च्या टिपणाचीं पानें मीं फाडून टाकिलीं. वाचन झाल्यावर आजी म्हणाल्या, “मास्तर, ग्वाड लिव्हलंय. पर ह्ये तुमचं हाय.” पुन्हां जाऊन त्यांच्या शब्दांत लिहून घेण्याचें मीं ठरविलें. मग सुगी आली, मग नाताळ आला, मग आजी अंथरुणास खिळल्या. त्या पाणी देणाऱ्या बाईचें नांव आज मला आठवत नाहीं.

तेव्हां पहिली गोष्ट ही कीं, माणूस ज्या बोलींत बोलेल त्याच बोलींत लिहावें. ‘व्हता’चें ‘होता’ करूं नये. मोबाइलवर आवाज मुद्रित करून घ्यावा, पण त्यापूर्वीं मोबाइल दाखवून परवानगी विचारावी, आणि बंद कर म्हटल्याबरोबर बंद करावा. पानाच्या माथ्यावर सांगणाऱ्याचें नांव, अंदाजें वय, गांव, तारीख आणि त्या वेळीं जवळ कोण बसलें होतें हें लिहावें. शेवटची बाब क्षुल्लक नाहीं. थोरला मुलगा जवळ असतांना सांगितलेली आणि नसतांना सांगितलेली हकीकत एक नव्हे, हें वर आलेंच आहे.

साल विचारूं नये, खूण विचारावी. मराठवाड्यांत १९४८ चे रझाकार, पश्चिमेकडे ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप, सर्वत्र १९७२ चा दुष्काळ, दक्षिणेस ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, यांच्या आधीं कीं मागून, एवढें विचारिलें कीं बहुतेक गोष्टींचा काळ लागतो. १९१८ ची मानमोडीची सांथ पाहिलेलें कोणी आतां मिळणार नाहीं. पण आईनें तिच्याविषयीं काय सांगितलें हें सांगणारीं माणसें मिळतील, आणि तें ऐकींव म्हणूनच लिहावें.

दोन माणसें एकच गोष्ट दोन तऱ्हांनीं सांगतील. विहीर कोणीं खणली यावर एका मंडळींत दोन घरांचा वाद मीं ऐकिला आहे. अशा वेळीं दोन्ही हकीकती नांवांसह शेजारीं शेजारीं लिहाव्या. मिसळून एक करूं नये. दुसऱ्या शतकांत तातियन नांवाच्या सुरियाच्या विद्वानानें चार शुभवर्तमानांची मिळून एकच सलग कथा केली होती, आणि ती तिकडील मंडळ्यांत पुष्कळ वर्षें चालली; पण शेवटीं मंडळीनें चारहि वेगळींच ठेविलीं, त्यांतील फरकांसकट.

जें न लिहिण्यास सांगितलें तें लिहूं नये, आणि लिहिलेलें सांगणाऱ्यास वाचून दाखविल्यावांचून कोठेंहि वाचूं नये. कोणाची बदनामी, कर्ज, घरांतील भांडण मुद्रित झालें असेल तर तेवढा भाग वेगळा काढून सांगणाऱ्याच्या स्वाधीन करावा.

मोबाइल पडतो, चोरीस जातो, भरला कीं मुलें त्यांतील जुनें पुसून टाकितात. म्हणून मुद्रण त्याच आठवड्यांत दुसऱ्या ठिकाणीं उतरून ठेवावें व शब्दशः वहींत लिहावें. वही जाड कागदाची असावी, शाई न पसरणारी असावी; ती जमिनीवर न ठेवितां पेटींत ठेवावी व दर पावसाळ्यानंतर वाळवी लागली कीं काय हें पाहावें. एक प्रत मंडळीच्या पेटींत, एक सांगणाऱ्याच्या घरीं. कच्चें टिपण कधींहि फाडूं नये.

त्या सडकेच्या कामावर गेलेल्या आणखी दोघीजणी त्या गांवांत हयात आहेत. एकीस कमी ऐकूं येतें. दुसरी लेकीकडे गेली आहे, ती पोळ्यास परत येणार असें तिची सून म्हणाली. माझ्याऐवजीं या खेपेस आजींची नात जाणार आहे. पिंपावर कोण बाई होती, हें तिनें दोघींसहि विचारावयाचें असें ठरलें आहे.