आधी हेल्मेट, मग रुबाब
नव्या दुचाकीस्वारांसाठी व त्यांच्या पालकांसाठी

वार्षिक अहवालात जमाखर्चाचे आकडे सादर करणे हे माझे नेहमीचे काम. वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने प्रत्येक गोष्टीकडे जमा आणि नावे अशा दोन्ही बाजूंनी पाहण्याची सवय जडली आहे. यंदा मात्र कोणत्याही ताळेबंदात न दिसणाऱ्या एका खर्चाविषयी लिहावे, असे मनापासून वाटले.

पाडवा किंवा दसऱ्याचा मुहूर्त साधून आपल्या किनारपट्टीवरील गावोगावी नव्या मोटारसायकली येतात. गाडीला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढच्या महिन्याभरात सायलेन्सर बदलला जातो, टाकीवर चित्रे चिकटतात. हेल्मेट मात्र आरशाला लटकते किंवा घरातील खुंटीवर राहते.

काही वर्षांपूर्वी अशाच एका तरुणाला रात्री आपल्या अपघात विभागात आणले गेले. हातापायांना किरकोळ खरचटले होते, परंतु डोक्याला जबर मार होता. प्राथमिक उपचार करून त्याला नवी मुंबईस हलविण्यात आले. काही दिवसांनी कागदपत्रांसाठी त्याचे वडील माझ्याकडे आले, तेव्हा त्यांच्या पिशवीत गाडीसोबत मिळालेले हेल्मेट होते. त्यावरील प्लास्टिकचे आवरणही निघालेले नव्हते. "केस बसतात म्हणून एकदाही घातलं नाही, साहेब," एवढेच ते बोलले. मुलगा वाचला, पण वर्षभर कामावर जाऊ शकला नाही. घरात कमावता तो एकटाच होता.

अंतराचा प्रश्न

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकीय परिभाषेत सुवर्णतास म्हणतात. मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने या तासाची व्याख्या आली. परंतु मुरूड वा श्रीवर्धनकडे अपघात झाल्यास मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात तासाभरात पोहोचणे शक्य नसते. घाटवळणे, पावसाळ्यातील खड्डे आणि सुटीच्या दिवसांची वाहनांची रांग रुग्णवाहिकेलाही चुकत नाही. मोठ्या शहरातील स्वारापेक्षा आपल्या मुलांना हेल्मेटची गरज म्हणूनच अधिक आहे.

हेल्मेट नेमके काय करते?

डोके जमिनीवर आपटते तेव्हा कवटी थांबते, पण आतील मेंदू त्याच वेगाने पुढे जाऊन कवटीवर आदळतो. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा जाड थर दबला जाऊन हा धक्का सौम्य करतो. एकदा जोरात आपटलेले हेल्मेट बाहेरून धड दिसले तरी आतील थर दबलेला असतो, म्हणून ते बदलणेच इष्ट.

हे ज्ञान अनुभवातून आले आहे. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या नावाने जगाला परिचित असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी मेंदुशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे या विषयाचा अभ्यास करून १९४१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ब्रिटिश लष्करात मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. सामान्य नागरिकांसाठी तेथे कायदा झाला तो १९७३ साली.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या अनेक संशोधनांच्या एकत्रित आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते आणि त्यांतील १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा शेवटचा आकडा माता-भगिनींनी विशेष ध्यानात घ्यावा.

रुबाबाची ओढ

तरुण वयात रुबाबाची ओढ असणे स्वाभाविक आहे. २००१ साली पल्सर बाजारात आली ती पौरुषाचीच जाहिरात करीत. त्या पिढीची मुले आज स्वतः गाड्या घेऊ लागली आहेत. मुंबई-पुण्याहून सुटीच्या दिवशी आपल्या किनाऱ्यावर मोठ्या मोटारसायकलींचे तांडे येतात. आपली मुले त्या गाड्यांचा आवाज आणि वेग न्याहाळतात. परंतु त्यांतील जाणते स्वार उन्हातही जाड जाकीट, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड आणि बूट घालून असतात, इकडे मुलांचे लक्ष जात नाही. अनुकरण करायचेच तर ते पेहरावाचे करावे.

सक्तीने हे साधेल, असे मला वाटत नाही. पुण्यात १ जानेवारी २०१९ पासून हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिला मोठा विरोध झाला. हेल्मेट नसल्यास कायद्यात १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबनाची तरतूद आहे. मात्र गावातील आतल्या रस्त्यावर पोलीस नसतो, घरातील माणसेच असतात.

खरेदी करताना

१) हेल्मेटवर आयएसआय चिन्ह पाहावे. जून २०२१ पासून त्याशिवाय दुचाकीचे हेल्मेट बनविण्यास व विकण्यास मनाई आहे.
२) हेल्मेट घट्ट बसावे. मान हलविल्यावर ते डोक्यावर फिरता कामा नये. हनुवटीचा पट्टा न लावलेले हेल्मेट पहिल्याच धक्क्याला निघून जाते.
३) हनुवटीसह पूर्ण चेहरा झाकणारे हेल्मेट घ्यावे.
४) पडताना माणूस आधी हात टेकतो, म्हणून हातमोजे घ्यावेत. चपलेऐवजी घोटा झाकणारा बूट आणि पूर्ण बाह्यांचे जाड जाकीट वापरावे.
५) मागे बसणाऱ्यासाठी दुसरे हेल्मेट त्याच दिवशी घ्यावे.

चांगले हेल्मेट दीड-दोन हजार रुपयांत मिळते. शोभेच्या सायलेन्सरला याहून अधिक पैसे मोजले जातात, आणि अतिदक्षता विभागातील एका दिवसाचा खर्चही बहुधा याहून अधिक होतो. यापुढचा हिशेब वाचकांनीच करावा.

आमच्या दात्यांनी व हितचिंतकांनी आजवर खाटा दिल्या, उपकरणे दिली, त्याबद्दल रुग्णालय सदैव ऋणी आहे. आता एक विनंती आहे. आपल्या घरी, वाडीत वा आळीत नवी गाडी आली की पेढा तोंडात घालण्यापूर्वी त्या मुलाच्या डोक्यावर हेल्मेट ठेवून पट्टा आपल्या हाताने लावावा. या देणगीची पावती आम्ही देऊ शकणार नाही, परंतु आमची एक खाट रिकामी राहील.

— प्रशासकीय अधिकारी