गडद हिरवी भिंत कितीला पडते?

ऑफ-व्हाइट की बॉटल ग्रीन, हे ठरवताना आपण डब्याची किंमत विचारतो. खरा फरक पडतो तो किती हात मारावे लागतात त्यात.

१० बाय १२ ची, १० फूट उंच खोली घ्या. दार-खिडकी वजा करून भिंती साधारण ४०० चौरस फूट. पुट्टी-प्रायमर झालेल्या भिंतीवर लिटरभर इमल्शनमध्ये दोन हात धरून १२० फुटांच्या आसपास काम होतं, म्हणजे ऑफ-व्हाइटचा ४ लिटरचा डबा पुरतो. गडद शेडच्या बेसमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड कमी असल्याने हिरवा झाकतो कमी. दोन हातांनंतरही रोलरचे पट्टे दिसतात, तिसरा मारावाच लागतो आणि रंग ५ लिटरवर जातो.

हिशेबापुरते दर धरू, तुमच्या दुकानातले घालून पाहा. ऑफ-व्हाइट लिटरला ५०० रुपये, हिरवा ६००. मजुरी दोन हातांना फुटाला ८, तिसऱ्याला आणखी ३. ऑफ-व्हाइट ५,२०० रुपयांत होतो, हिरवा ७,४०० वर जातो. १२ फुटांची एकच भिंत हिरवी केली तर २ लिटर हिरवा आणि ३ लिटर ऑफ-व्हाइट मिळून खोली ६,३०० च्या आत बसते. मी हाच पर्याय सुचवेन, आणि भिंत खिडकीसमोरची निवडा. चारही भिंती हिरव्या केल्या की दिवसाही दिवा लागतो.

भाड्याच्या घरात मात्र हिरवा नकोच. घर सोडताना पुन्हा पांढरं करून द्यायचं म्हटलं तर प्रायमरपासून सुरुवात. ओल येणाऱ्या भिंतीवरही नको: क्षार फुटले की हिरव्यावर पांढरे डाग लांबूनही दिसतात. आधी गळती काढा.

डाग दोन्हीवर पडतात. ऑफ-व्हाइटवर स्विचबोर्डभोवती बोटांचा काळपटपणा धरतो, पण ओल्या फडक्याने बराचसा निघतो. मॅट हिरव्यावर तेच फडकं घासलं की चकाकणारा चट्टा राहतो आणि खुर्चीची पाठ घासली की पांढरी रेघ उमटते. टचअप जुन्या रंगात मिसळत नाही, म्हणून अख्खी भिंत मारावी लागते.

शेड पुठ्ठ्यावर लावून रात्री घरच्या दिव्यात पाहा. पिवळ्या उजेडात हिरवा मेंदीकडे झुकतो. कोटेशनमध्ये ‘तीन हात’ असं लिहून घ्या, दर जीएसटीसह आहे का तेही विचारा. रंगावर तो १८ टक्के आहे.